राणी रंगाचे खुळखुळे

जमनाताई,

तुमच्या रंजनाने माझ्याकडे चार ओळी मागितल्या आहेत. तुमचा फोटो मोठा करून घेतलाय, त्याखाली लावायला. "भाऊ, आईबरोबर सगळ्यात जास्त काम तुमीच केलंय, तुमीच लिवा," म्हणाली. मी कागद घेऊन बसलो. रंगाच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत तीस वर्षं रोज रिपोर्ट लिहिले, त्यामुळे चार ओळी म्हणजे काही नाही असं वाटलं होतं. तुमचा जन्म मासवणचा, लग्न होऊन कुंभवलीला आलात, वडिलांकडून लाकूड कातायला शिकलात, एवढं लिहून झालं आणि हात थांबला. मला जे लिहायचं आहे ते फोटोखाली लावण्यासारखं नाही. म्हणून हे वेगळं, तुम्हालाच लिहितो आहे.

तुम्हाला वाचता येत होतं, पण तुम्ही स्वतः कधी वाचलं नाहीत. कुणाकडून तरी वाचून घ्यायचात आणि तो लांबण लावायला लागला की "पुढं" म्हणायचात. तेव्हा मीही लांबण लावत नाही.

आपली ओळख पांगुळगाड्यामुळे झाली. मी नुकताच निवृत्त झालो होतो. नात चालायला लागली होती आणि तिच्या पांगुळगाड्याचं एक चाक फुटलं होतं. बोईसरच्या बाजारात कुणीतरी सांगितलं की कुंभवलीला एक बाई लेथवर लाकूड कातते, तिच्याकडे जा. खोलीच्या मागे पत्र्याची शेड होती. तुम्ही पदर कमरेला खोचून, पटाशी लाकडाला टेकवून उभ्या होतात आणि लाकडाचा बारीक भुगा तुमच्या हातांवर कोपरापर्यंत बसला होता. मी चाक दाखवलं. तुम्ही ते हातात घेऊन बघितलं आणि म्हणालात, "ह्ये एक करून काय उपेग नाय. दुसरं पन झिजलंय. दोन्ही करते."

चाकं झाल्यावर तुम्ही ब्रश घेऊन त्यांना हिरवा ऑइल पेंट लावायला बसलात. माझ्या नाकाला तो वास चांगला ओळखीचा. मी म्हणालो, हा रंग दाराखिडक्यांचा आहे, लहान मुलांच्या वस्तूंना लावू नये. तुम्ही ब्रश तसाच हातात धरून विचारलंत, "मंग कोनचा लावायचा?" मग तुम्हीच सांगितलंत की तुमचे वडील लाख लावायचे. लाकूड लेथवर फिरतं ठेवायचं, त्यावर रंगीत लाखेची कांडी दाबायची, घासून ऊब आली की लाख वितळून लाकडावर पसरते. पण लाख शिजवायची कोण, कांड्या ओढायची कोण. तुमच्या एकटीच्याने ते होत नव्हतं.

दुसऱ्या आठवड्यात मी लाख घेऊन आलो. बायको जाऊन दोन वर्षं झाली होती, मुलगा-सून कामावर, घरात दिवस सरत नव्हता. हे कारण मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. तुम्ही विचारलंही नाहीत. फक्त एक मोडकी खुर्ची आणून शेगडीजवळ ठेवलीत.

तिथून माझं काम ठरून गेलं. कोळशाच्या शेगडीवर लाख मऊ करायची, रंग घालायचा, ती ओढायची, दुमडायची, परत ओढायची, रंग सगळीकडे सारखा होईपर्यंत. मग कांड्या. तुम्ही कातायचं, मी रंगवायचं. तुमच्या वडिलांकडे हळदीचा पिवळा, काजळीचा काळा आणि तांबडा असे तीनच रंग होते. मी निळा आणला, जांभळा आणला. पहिल्या निळ्या भोवऱ्याकडे तुम्ही बराच वेळ बघत राहिलात आणि म्हणालात, "असा लाकडाचा रंग नसतो." मी म्हटलं, नसतोच, म्हणून तर लावायचा. हा आपला पहिला वाद. तो पुढे बरीच वर्षं चालला.

लाखेवर चकाकी आणायला केवड्याचं पान लागतं, हे मला तुमच्याकडून कळलं. त्यासाठी आपण घिवलीला गेलो होतो, आठवतं का? खाडीच्या बाजूला केवड्याचं बन होतं. तुम्ही पदर हाताला गुंडाळून कोयत्याने सरसर पानं काढत होतात आणि मी दोनच पानांत रक्तबंबाळ झालो होतो. तिथली एक कोळीण हसत उभी राहिली होती. मी तुम्हाला विचारलं, या पानात असं काय असतं की लाख चकाकते? मेण असतं की आणखी काही? तुम्ही म्हणालात, "पानालाच इचारा." त्या कोळणीने तेवढ्यात विचारलं, "साहेब कुटचं?" तुम्ही म्हणालात, "साहेब नाय, भाव हाय." तोवर तुम्ही मला साहेब म्हणत होतात. त्या दिवसापासून मी भाऊ झालो.

आता त्या रंगाबद्दल.

बोईसरच्या स्टेशनजवळचा खेळण्यांचा दुकानदार आपला माल घ्यायला लागला होता. तुमचा खुळखुळा त्याला फार आवडायचा. दांडी, तिच्यावर त्याच लाकडातून कातलेल्या तीन सुट्या कड्या आणि टोकाला गोल बोंड. कड्या दांडीतून बाहेर येत नाहीत, घातल्या कशा हे लोकांना कळत नसे. दुकानदार म्हणाला, "साहब, रानी कलर में दो. रानी जल्दी बिकता है." तुमच्या तिन्ही रंगांतून राणी रंग होत नाही. माझ्याकडे घरी कपाटात कारखान्यातले जुने नमुने होते, छोट्या बाटल्यांमधून. त्यातला एक अगदी हवा तसा होता. कपड्यांचा रंग होता तो. लाखेत इतका छान मिसळला की कांडी उन्हात धरली तर आरपार दिसायची.

मी तपासणी केली. तुमच्यासमोर केली. रंगवलेलं बोंड पेलाभर पाण्यात रात्रभर ठेवलं, सकाळी पाणी स्वच्छ होतं. तुम्ही पेला उजेडात धरून बघितलात आणि मान हलवलीत.

घरी मी दुसरीही तपासणी केली होती. ती तुमच्यासमोर केली नव्हती. कोमट पाण्यात थोडा खाण्याचा सोडा घातला, त्यात फडकं भिजवलं आणि बोंड त्या फडक्याने चोळत बसलो. लाळ थोडीफार तशीच असते. फडक्यावर गुलाबी छटा आली. फार नाही, नवख्या माणसाला दिसलीही नसती. मला दिसली. मी ते फडकं धुऊन वाळत घातलं. प्रमाण अगदी कमी आहे, मी स्वतःशी म्हणालो. शिवाय राणी रंग मला जमला होता आणि तो तुम्हाला पहिल्यांदाच आवडला होता. तुम्ही म्हणाला होतात, "ह्यो मातर झकास हाय, भाऊ." रंगाबद्दलचं तुमचं हे एक वाक्य मला सोडवलं नाही.

पहिले एकोणीस खुळखुळे तुम्ही माहेरी मासवणला दिलेत. तिथल्या अंगणवाडीताईंनी तुमच्याकडे मागितले होते, पाड्यातल्या तान्ह्या मुलांसाठी. तुम्ही ते फुकट दिलेत आणि वर प्रत्येकाला नवा दोरा बांधलात. विसावा शेजारच्या खोलीतल्या बाळाला गेला; दुकानाचा माल अजून कातायचा होता.

आठ-दहा दिवसांनी मी शेडमध्ये आलो तर लेथ चालू होता आणि तुमच्या तोंडात खुळखुळ्याचं बोंड होतं. बिडी धरावी तसं एका बाजूला धरून तुम्ही काम करत होतात. मला वाटलं हात मोकळे नाहीत म्हणून धरलं असेल. तुम्ही लेथ बंद केलात, बोंड काढलंत आणि जीभ बाहेर काढून दाखवलीत. जीभ राणी रंगाची झाली होती.

"किती वेळ धरलं होतं?" मी विचारलं.

"सकाळधरनं."

"इतका वेळ कोण तोंडात धरतं?"

"पोर धरतं," तुम्ही म्हणालात.

शेजारच्या खोलीतल्या बाळाचं दुपटं गळ्याजवळ गुलाबी झालेलं तुम्हाला दिसलं होतं. त्याच्या आईला कारण न सांगता तुम्ही तो खुळखुळा मागून आणलात आणि त्याचं बोंड स्वतःच्या तोंडात धरलंत. हे तुम्ही मला नंतर सांगितलंत. त्या वेळी तुम्ही फक्त हात धुतलेत, शेडला कडी लावलीत आणि म्हणालात, "मी मासवनला जाते."

मी बरोबर आलो नाही. मला काम आहे म्हणालो. काही काम नव्हतं.

दोन दिवसांत तुम्ही घरोघर फिरून अठरा खुळखुळे परत आणलेत. प्रत्येक घरी त्याऐवजी नुसत्या लाकडाचा, बिनरंगी खुळखुळा दिलात. ते तुम्ही आदल्या दिवसापासून उभ्या राहून कातत होतात. एकोणिसावा सापडला नाही. मंगल नावाच्या बाईच्या मुलीला दिला होता तो, आणि मंगल नवऱ्याबरोबर, मुलीला घेऊन वीटभट्टीवर कामाला गेली होती. कुठल्या भट्टीवर, पाड्यात कुणाला नक्की ठाऊक नव्हतं. कुणी भिवंडीकडे म्हणालं, कुणी वाड्याकडे. तुम्ही तीन भट्ट्या पालथ्या घातल्यात. तिसऱ्या ठिकाणाहून परत आलात तेव्हा तुमच्या चपलेचा अंगठा तुटला होता, तो तुम्ही सुतळीने बांधला होता. मी तेव्हाही म्हणालो, "ताई, प्रमाण अगदी कमी असतं. एवढं काही होत नाही." तुम्ही सुतळी सोडत होतात. मान वर न करता म्हणालात, "तुमाला काय म्हाईत, ती दिवसातनं किती येळ चोखते."

पावसाच्या आधी भट्ट्या बंद झाल्या आणि मंगल पाड्यावर परतली. तुम्ही त्याच आठवड्यात जाऊन तो खुळखुळा आणलात आणि माझ्या हातात ठेवलात. बोंड पांढरं झालं होतं. राणी रंगाची एक रेघ दांडीच्या खाचेत तेवढी राहिली होती. लाकडावर दोन इवल्या दातांच्या खुणा होत्या.

तुम्ही विचारलंत, "भाऊ, तुमाला ठाव होतं काय, रंग सुटतो म्हनून?"

मी "नाही" म्हणालो.

तुम्ही पुन्हा विचारलं नाहीत. मी ती बाटली आणि उरलेल्या कांड्या फेकून दिल्या. पण त्यानंतर तुमचं एक मत पक्कं झालं: जी वस्तू तोंडात जाते तिला रंगच लावायचा नाही. दांडीला लावा, भोवऱ्याला लावा, पाळण्याच्या खुंट्यांना लावा, बोंड पांढरं. मी तुम्हाला कितीदा समजावलं की हळद घातलेली लाख पोटात गेली तरी काही होत नाही, तुमच्या वडिलांनी आयुष्यभर तीच लावली. तुम्ही म्हणायचात, "बा लावायचा, कारन तेनं कधी इचार केला नाय. मी केलाय." मला राग यायचा. माझं म्हणणं शास्त्राने बरोबर होतं आणि अजूनही आहे. तुम्ही नसताना मुद्दाम हार मानली तर ती खोटी ठरेल. पण राग त्याचा नव्हता. प्रत्येक पांढऱ्या बोंडात तुम्ही मला ते 'नाही' परत करता आहात असं मला वाटायचं. तसं होतं का, हे मी तुम्हाला कधी विचारलं नाही.

दरवर्षी होळीला तुम्ही मासवणला जायचात. परत आल्यावर, मी विचारलं नसलं तरी, सांगायचात: मंगलची साक्षी चालाय लागली, बोलाय लागली, शाळेत घातली. मी "बरं झालं" म्हणायचो. काही वेळा तुमच्याबरोबर मीही गेलो. मंगलच्या घरी चहा प्यालो, बिनदुधाचा, गूळ घातलेला. साक्षी उंबऱ्यात उभी राहून माझ्याकडे बघायची.

दवाखान्यातल्या शेवटच्या चार दिवसांबद्दल मी काही लिहीत नाही. तिसऱ्या दिवशी तुम्ही माझा हात हातात घेतलात आणि बोटं बघितलीत. "नखातला रंग गेला नाय अजून," म्हणालात. मी म्हणालो, आता जाणार नाही. तेव्हा सांगता आलं असतं. खोलीत आपण दोघंच होतो. रंजना औषधं आणायला खाली गेली होती. ती लवकर परत आली असं मी स्वतःला सांगतो, पण ती बरीच उशिरा आली.

परवा तुमचं बारावं झालं. शेडसमोर मांडव घातला होता. मासवणहून वीसेक माणसं आली होती, त्यात मंगलही होती आणि बरोबर साक्षी. सात वर्षांची झाली आहे, दोन वेण्या घालते. मी बाकावर बसलो होतो, मंगल शेजारी येऊन बसली. तुमच्याबद्दल बोलायला लागली. म्हणाली, "ताई भट्टीवर आमाला शोधत फिरली व्हती, नंतर कळलं. त्या खुळखुळ्यासाटी. म्हनायची, रंग माझा चुकला, माझ्या हातनं झालं."

मी तिच्याकडे बघितलं. तुम्ही मासवणच्या एकोणीस घरांत हेच सांगितलं होतंत, हे मला त्या क्षणी कळलं.

मी म्हणालो, "तो रंग त्यांचा नव्हता. माझा होता."

"ते ठाव हाय आमाला," मंगल म्हणाली. "ताईला खोटं बोलता येत नव्हतं. बोलली की दुसरीकडं बघायची. रंगाचं काम तुमचं, ते पाड्याला ठाव व्हतं."

म्हणजे मी त्यांच्या घरी चहा प्यालो तेव्हाही त्यांना माहीत होतं. मग म्हणालो, "रंग सुटतो हे मला आधीच माहीत होतं. मी तपासलं होतं. तरी दिला."

मांडवात पंगतीची तयारी चालली होती, कुणीतरी पत्रावळ्या वाटत होतं. मंगलने साक्षीला हाताला धरून जवळ ओढलं.

"ह्ये ठाव नव्हतं," ती म्हणाली.

मग तिने विचारलं, "हिला काय व्हईल का पुढं?"

ताई, त्या वेळी माझ्या तोंडात तेच वाक्य आलं होतं, प्रमाण अगदी कमी असतं. मी ते गिळलं. म्हणालो, "बहुतेक नाही. पण मी डॉक्टर नाही, खात्रीने सांगता येत नाही. उद्या पालघरला डॉक्टरांकडे जाऊ. मी येतो."

"तुमी आलंच पायजे," मंगल म्हणाली. "काय व्हतं त्या रंगात, ते डॉक्टरला तुमीच सांगायचं."

काल सकाळी आम्ही गेलो. मासवणहून त्या दोघी बसने आल्या, मी बोईसरहून. डॉक्टरबाई तरुण होत्या. मी त्यांना रंगाचं नाव सांगितलं, लाखेत किती घातला होता ते सांगितलं आणि मुलीने तो किती महिने चोखला तेही सांगितलं. बाईंनी मला विचारलं, "तुम्ही मुलीचे कोण?" मंगल म्हणाली, "हे रंगवाले." बाईंनी तेवढंच लिहून घेतलं.

साक्षीचं रक्त घेतलं, लघवी तपासली, पोट दाबून बघितलं, डोळ्यांत बॅटरी मारून बघितलं. सुई टोचताना ती रडली नाही, फक्त आईचा पदर घट्ट धरून ठेवला. रिपोर्ट यायला दुपार झाली. आम्ही दवाखान्याच्या पायरीवर बसून वडापाव खाल्ला.

चार वाजता बाईंनी आत बोलावलं. साक्षीचं रक्त थोडं कमी आहे, लोहाचं औषध तीन महिने द्यायचं. पण ते या भागातल्या पुष्कळ मुलींचं असतं, त्याचा रंगाशी संबंध नाही, असं त्या म्हणाल्या. लिव्हर नीट आहे, किडनी नीट आहे. त्या काळात जे पोटात गेलं ते कधीच बाहेर पडलं असणार. वर्षातून एकदा दाखवून जा, म्हणाल्या. मंगलने दोनदा विचारलं, बाईंनी दोनदा तेच सांगितलं.

औषधाच्या बाटल्या घेऊन मी त्यांना बस स्टँडवर सोडायला गेलो. बस लागली होती. साक्षी आत जाऊन खिडकीजवळ बसली. मंगल पायरीवर एक पाय ठेवून थांबली आणि माझ्याकडे वळली. मला वाटलं, आता ती मला बोलेल. बोलायला हवंच होतं. पण ती म्हणाली, "ताई दर होळीला यायची, हिचे हातपाय चाचपून बघायची, डोळं बघायची. काय बोलायची नाय, नुसती बघायची. आज असती तर तिला पयलं सांगितलं असतं."

बस गेली. मी घरी आलो आणि आज हे लिहायला बसलो, कारण हे सांगायला मला दुसरं कुणी सुचत नव्हतं.

जमनाताई, मला माहीत होतं. आणि साक्षी ठीक आहे.